नस चढली

वर्गात मी 'शीर' म्हणते आणि घरी 'नस'. तेवढ्यानं घात केला. स्वतःचा राग अजून जात नाही माझा.

आमच्याकडे सगळ्यालाच नस म्हणतात. पोटरीत गोळा आला की नस चढली, कंबर धरली की नस दबली, सुई टोचायला हात पुढे केला तर नस सापडत नाही. चढली म्हटलं की उपाय ठरलेला: तेल कोमट करायचं आणि चोळून उतरवायची.

मी घाटंजीला शाळेत विज्ञान शिकवते. त्या शनिवारी रक्तवाहिन्यांचाच धडा होता. धमनीची भिंत जाड, कारण हृदयाचा जोर तिच्यावर येतो, शिरेची पातळ. पायातलं रक्त वर चढतं ते पोटरीचे स्नायू शीर दाबतात म्हणून, आणि ते परत खाली उतरू नये म्हणून आत झडपा असतात. माणूस तासन्‌तास बसून राहिला तर रक्त तुंबतं, कधी गोठतंही. "समजलं का रे?" म्हणून मीच पोरांना दरडावलं.

रविवारी सकाळी बाबा डावा पाय स्टुलावर ठेवून बसलेले. तहसीलमधून रिटायर झालेला माणूस, भारी हट्टी. गुरुवारीच आम्ही हैदराबादहून गाडीनं आलो होतो, आणि पांढरकवड्याला चहाला थांबलो तेव्हाही बाबा काही खाली उतरले नव्हते. पोटरी सुजली होती. हात लावला तर गरम.

"अवं माय, नस चढली माही. जरा चोळून दे."

"दवाखान्यात चला ना, बाबा."

"एवढ्याश्यासाठी कायले दवाखाना?"

तोवर आईनं तेल गरम करून आणलंच. मी खाली बसले आणि चांगला अर्धा तास पोटरी चोळली, अंगठ्यानं दाबून दाबून, खालून वर. एका जागी दोरीसारखं काहीतरी कडक लागलं. मी तिथंच जास्त जोर दिला.

"आता बरं वाटून राह्यलं," बाबा म्हणाले.

जेवायला बसले आणि त्यांना दम लागला. घास हातातच राहिला. ओठ निळे पडायला लागले. शेजाऱ्यांच्या गाडीत यवतमाळपर्यंत त्यांनी माझा हात धरला होता. दवाखान्याच्या दारात तो सुटला.

डॉक्टरांनी पाय पाहिला. शिरेतली रक्ताची गाठ सुटून फुप्फुसात गेली असावी, म्हणाले. मग विचारलं, "पाय कोणी चोळला होता का?"

"मी," मी म्हटलं.

अशी गाठ आपोआपही सुटते, असं ते म्हणाले. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही.

आईला यातलं काही माहीत नाही. सांगायची माझी हिंमत नाही. कोणी भेटायला आलं की ती मला जवळ बसवते, माझे दोन्ही हात धरते आणि सांगते, "शेवटच्या दिवशी लेकीनं पाय चोळून देल्ले त्याईचे. समाधानानं गेला माणूस."