साडूंची जुनी चाल

स्वतःच्याच गाण्याला सुखाने बसू न देणारा माणूस अख्ख्या सोलापुरात एकच, आणि तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आला आहे. तरुणपणी त्यांनी मंगलाष्टकांना एक चाल लावली. ती इतकी गाजली की सात रस्त्यापासून जुळे सोलापूरपर्यंत निम्म्या जोडप्यांची लग्नं तिच्यावरच लागली, माझंही. दुसरा कुणी असता तर त्या एका चालीवर जन्मभर जिलेबी झोडली असती. साडूंनी मात्र दर लग्नसराईला तिची मोडतोड केली. कधी 'सावधान'च्या आधी लांबलचक तान, तर कधी मध्येच असा थांबा की मंडळींना वाटावं, झालं. अकलूजला तर लोकांनी सगळ्या अक्षता आधीच टाकून टाकल्या आणि शेवटचं 'सावधान' आलं तेव्हा मांडव रिकाम्या हातांनी उभा. भटजी घड्याळाकडे बघतायत, हार धरून नवरदेवाचे हात अवघडलेत आणि साडू डोळे मिटून वरच्या सुरात! मी बोललो तर मलाच म्हणाले, "पाव्हणं, रोज तीच भाजी खाता का तुमी? गाणं शिळं होतंय की!"

त्यांना नमवलं ते त्यांच्या मुलीने. लग्न ठरल्यावर तिने हट्टच धरला, "पप्पा, जुनीच चाल पायजे. मला झोपवताना म्हणायचात ती. दुसरं कायबी नको."

"माझीच हाय की ती," साडू हसले. "कुटं पळून जाती?"

लग्नात माईक धरून उभे राहिले. पहिली ओळ झकास लागली. दुसरीला थांबले. आम्हाला वाटलं, ही नवी काहीतरी करामत. पण चेहरा बघितला आणि कळलं, इतक्या नव्या चालींच्या गर्दीत जुनी खरोखरच हरवली होती. अंतरपाटाआड मुलीने घाबरून मान वर केली. तेवढ्यात माझ्या बायकोने ओळ उचलली, मग मागच्या खुर्च्यांवरून कुणीतरी, मग सगळा मांडव. ज्याचं त्याचं लग्न त्याच चालीवर लागलेलं, विसरणार कोण? अंतरपाटाआडून मुलगीही गायला लागली. साडूंनी माईक खाली ठेवला आणि पाहुण्यांसारखे मुठीत अक्षता घेऊन ऐकत राहिले. तेव्हा मला त्यांच्याविषयी जितकी माया वाटली तितकी कधीच वाटली नव्हती.

'सावधान' बरोब्बर जागेवर आलं. सगळ्यांच्या अक्षता एकदम पडल्या. एकट्या साडूंची मूठ मिटलेलीच राहिली.

"चाल चांगली हाय की हो, पाव्हणं," ते हळूच म्हणाले.

मग भानावर आले, लेकीजवळ गेले आणि ते मूठभर तांदूळ तिच्या डोक्यावर एकट्यानेच टाकले.