भुतांबरोबर हाकललेली कुत्री

रुस्मिनी बेवारशी कुत्र्यांच्या आश्रमात गेली होती पिल्लू आणायला. आली ती बरगड्या मोजून घ्याव्यात अशी एक थोराड कुत्री घेऊन. दारातच दीर उभा.

"वहिनी, त्या आश्रमात पिल्लं संपली होती की तुमची अक्कल?" सुआर्काने विचारलं.

"पिल्लांना काय, कुणीही उचलतं," रुस्मिनी म्हणाली. "हिच्याकडे कुणी ढुंकून बघेना. मी बघितलं. झालं!"

बाई अशीच. आमच्या बाजाराच्या कोपऱ्यावर तळलेली केळी विकायची. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की झारा उगारायची, आणि तेच गिऱ्हाईक भुकेलेलं दिसलं तर दोन केळी जास्त टाकून द्यायची. नवरा गेलेला, मुलगी जहाजावर नोकरीला. अंगणात देव होते, खांबांवर उभं भाताचं कोठार होतं, फक्त बोलायला कुणी नव्हतं. बालीत तळलेल्या केळ्याला आम्ही गोडोह म्हणतो. कुत्रीचा रंग अगदी तसाच, तेव्हा नाव शोधायला लांब जावं लागलं नाही.

गोडोह आली ती थेट कोठाराखाली घुसली. कुणा मेल्याने कधीतरी तिच्या पाठीवर उकळतं पाणी ओतलं होतं. माणसाचा पाय दिसला की अंग चोरायची. रुस्मिनीने हात लावायची घाई केली नाही. रोज सकाळी चुलीपाशी आणि उंबऱ्यापाशी केळीच्या पानाच्या तुकड्यावर भाताचा नैवेद्य ठेवायची, तसा एक जास्तीचा कोठाराच्या खांबाशी ठेवायला लागली. मग तिकडे पाठ करून बसायची, पूजेसाठी झावळीचे द्रोण विणायची आणि मुलीची, बाजाराची, गुडघ्यांची सगळी गाऱ्हाणी ऐकवायची. एके दिवशी भात संपलेला दिसला. मग एके दिवशी पाठीला चक्क ओलं नाक लागलं! रुस्मिनी जागची हलली नाही, पण आतून अशी उसळली की हातातला द्रोण वाकडा झाला. दुपारपर्यंत अख्ख्या बाजाराला त्या नाकाची गोष्ट पाठ झाली होती.

आणि न्येपी आली. न्येपी म्हणजे नव्या वर्षाचा मौनाचा दिवस. चूल नाही, दिवा नाही, मोठ्याने बोलणं नाही, दाराबाहेर पाऊल नाही. पण आदल्या संध्याकाळी भुतांना पिटाळायचं असतं, म्हणून राक्षसांचे पुतळे नाचतात, ढोल बडवतात, फटाके फुटतात, कान किटून जातात. गोडोहचं काय होणार, या काळजीने रुस्मिनीने आधीच कोठाराभोवती गोधड्या बांधल्या. मिरवणुकीतल्या पोरांनाही दम भरला, "माझ्या दारापुढे ढोल वाजवलात तर वर्षभर केळी विसरा!"

सगळ्या गावाला बजावलं, स्वतःला बजावायचं तेवढं राहिलं. कारण घरातली भुतं ज्याची त्यानेच हाकलायची असतात. सुआर्काने पेटती झावळी धरली, रुस्मिनीने कढई आणि झारा घेतला. लहानपणापासूनची सवय, बाईच्या अंगातच आलं! स्वयंपाकघर, न्हाणी, डुकरांची खोपी, एक कोपरा सोडला नाही. त्याच तारेत तिने गोधडी वर केली, कोठाराखाली कढई दणादण बडवली, आणि सुआर्काने धूरही आत सारला.

काहीतरी पिवळं दोघांच्या पायांमधून सुटलं आणि फाटकाबाहेरच्या गर्दीत दिसेनासं झालं.

"वहिनी," सुआर्का म्हणाला, "भुतांचं माहीत नाही, कुत्री मात्र गेली."

"तोंड बंद कर आणि शोध!"

गर्दी पांगेपर्यंत दोघांनी गल्ली न् गल्ली पालथी घातली. गोडोह नाही. आणि उजाडलं की मौन लागणार होतं.

सकाळी गाव चिडीचूप. कुणी मौन मोडू नये म्हणून नेमलेल्या पहारेकऱ्यांत यंदा सुआर्का होता. काळ्या-पांढऱ्या चौकटींचं वस्त्र नेसून तो रस्त्यावर एकटाच फिरत होता. रुस्मिनी फाटकाच्या आतल्या पायरीवर बसलेली, डोळे सुजलेले.

"कोपऱ्यावरच्या वडापर्यंत जाते," ती कुजबुजली. "गेले तशी आले."

"वहिनी, आत."

"अरे, एकदाच!"

"माझी आई असती तरी सोडली नसती. मी बघतोय ना."

"तू बघतोस! काल धूर कुणी सारला?"

"आणि कढई कुणी बडवली?"

हाक मारायची सोय नाही, ताटली वाजवायची सोय नाही. इथे आपल्याला कुणी मारत नाही, असं त्या मुक्या जिवाला आत्ता कुठे वाटायला लागलं होतं, आणि तिथूनच तिला हाकललं. कशाला येईल ती परत?

ऊन चढलं. आणि रस्त्याच्या वळणावर ती दिसली. गोडोह! भिंतीला घासून नव्हे, शेपूट पायांत घालून नव्हे, रस्त्याच्या मधोमध! ना स्कूटर, ना ढोल, ना माणूस. जणू रस्ता तिच्या बापाचा. एक फाटक हुंगलं, सोडलं. दुसरं हुंगलं, सोडलं. रुस्मिनीने ओरडू नये म्हणून ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. सुआर्का पलीकडे श्वास रोखून उभा. गोडोहने शेजारचं फाटक हुंगलं. तेही सोडलं. मग आपल्या फाटकाशी आली, पायरीवरचे रुस्मिनीचे पाय हुंगले आणि तिथेच, त्या पायांना टेकून बसली.

सुआर्काला राहवेना. हसत हसत, दबक्या पावलांनी तो फाटकाकडे निघाला. तशी गोडोह ताडकन उठली, मान ताठ केली, पाठीवर होते नव्हते तेवढे केस उभे केले आणि भुंकली! इतक्या दिवसांत रुस्मिनीने तिचा आवाजच ऐकला नव्हता. त्या मुक्या गावात तो या टोकापासून त्या टोकापर्यंत घुमला.

"वहिनी, गप्प करा तिला!" सुआर्का मागे सरकत कुजबुजला. "मौन आहे! पहारेकऱ्यालाच हाकलतेय ही!"

रुस्मिनी हसत होती आणि रडत होती, दोन्ही आवाज न करता.

"मी कोण सांगणार?" ती म्हणाली. "घर तिचं आहे. तू हो मागे."

गोडोह आणखी एकदा भुंकली, आणि सुआर्का मुकाट्याने रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला.