राळ लावलेलं बूच

बूच निघेना. पुढच्या बाकावर इन्स्पेक्टरसाहेब, मागे माना उंचावलेली पोरं, आणि मी टेबलाखाली वाकून दोरी ओढतोय.

ही एकोणीसशे तीसच्या सुमाराची गोष्ट. रत्नागिरीला मी सायन्स शिकवायचो. साहेबांचा शेरा चांगला आला तर मुंबईच्या शाळेत बदली होणार होती. बायको गिरगावात माहेरी राहून नर्सिंग शिकत होती, दीड वर्षांची मुलगी तिच्याजवळ. आमच्याकडचे बाप्ये मुंबईला आणि बायकामुलं गावी. माझं सगळंच उलटं. पावसाळ्यात बोट बंद, म्हणजे चार महिने पत्रावर जगायचं. मुलगी चालायला लागली हेही मला पत्रातच कळलं. ते पत्र वाचून मी रडलो होतो, लाज कसली.

म्हणून ह्या प्रयोगासाठी जिवाचं रान केलं. लोणच्याच्या काचेच्या बरणीला तळाशी भोक पाडलं. टर्पेंटाइन लावून कानसीच्या टोकाने आठवडाभर घासत होतो. भोकात खालून बूच, बुचाला टेबलाच्या फटीतून खाली सोडलेली दोरी. पाणी एकदा ढवळायचं आणि बूच ओढायचं. पाणी खाली जाताना फिरतं, मधोमध हवेची नळी होते. भोवरा तो हाच.

साहेबांनी घड्याळ बघितलं. दारात शिपाई गंगाराम उभा होता. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होड्यांच्या फटी बुजवायचं काम. तो पुढे आला.

"मास्तर, ओढू नका. सकाळी पाणी भरलं तर खालून ठिपकत व्हतं. मी राळ लावून बुजवलंय. आता थेंब गळायचा नाय."

चांगला अभिमानाने सांगत होता. होडीवाल्याच्या घरात गळतं भांडं बघवतं होय कुणाला!

साहेब उठले. "Apparatus आधी तपासून ठेवत जा, मास्तर," एवढंच म्हणाले आणि शेऱ्यातही तेच लिहिलं.

साहेब गेल्यावर राळ खरवडायला अर्धा तास गेला. मग भोवरा असा झकास फिरला की पोरांनी तो चारदा करायला लावला. गंगारामही बघत होता.

पोरांना भोक कशासाठी ते मी तासभर समजावलं होतं, शिपायाला एका शब्दाने नाही. पुढे नोकरीभर आधी शिपायाला सांगत आलो.

बदली झाली तीन वर्षांनी. ट्रंक घेऊन गिरगावात जिना चढलो. मुलगी आईच्या पदराआडून बघत होती. जेवणं झाल्यावर तिने हळूच आईला विचारलं, "हे घरी कधी जाणार?"