रद्दीत काढलेलं अंतराळ

कांदा निवडायला बसलं की हात गुंततात, तोंड मोकळं राहतं. मग किस्से साठणारच! सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवला आमच्या कांद्याच्या चाळीत ते विज्ञानकथांमुळे साठले. मी बारावी अर्धवट सोडलेला. वडीलधाऱ्यांच्या मते वाया गेलेला. म्हणून शांताकाकूनं मला कामाला लावलं, "तू वाच, आमी निवडतो."

गोष्टी गावच्या वाचनालयातल्या. तिथं जुन्या विज्ञानकथांचं एक कपाट होतं. शाळेत माझं डोकं चाललं नाही, या कपाटापुढं धावायचं. आणि अध्यक्ष तात्या तेच रद्दीत घालायला निघाले होते! स्वतः पुस्तक हातात धरायचे ते सत्काराच्या फोटोपुरतं.

* * *

एका गोष्टीत यंत्रमानव घरगडी असतो. खोटं बोलणं त्याला जमतच नाही.

शांताकाकू म्हणाली, "पावणं पोरगी बघाया आल्यावर याला आधी गोठ्यात बांधा!"

* * *

दुसरीत परग्रहावरचं यान शेतात उतरतं. जग हादरतं, सैन्य येतं. मी आवाज चढवून वाचतोय, तर समोर कांदा निवडणाऱ्या दगडूमामांनी हात वर केला.

"थांब. बांधाच्या कुठल्या अंगाला उतरलं?"

* * *

एक गोष्ट जेमतेम दीड पानाची. यान नाही, युद्ध नाही. अंतराळात एकटाच उरलेला माणूस रोज पृथ्वीकडं दिवा दाखवतो, एवढंच. संपली तेव्हा काकू चांगले कांदे सडक्यांत टाकत होती.

"लई झोंबतोय आज," म्हणाली.

न चिरता!

* * *

मग वाचनालयाची सभा आली. गोष्टी किती फालतू ते दाखवायला तात्यांनी स्वतःच माइकवर एक वाचायला घेतली. शास्त्रज्ञाला फोन येतो. पलीकडं तोच, वीस वर्षांनी म्हातारा. म्हणतो, "उद्या दार उघडू नकोस." दुसऱ्या दिवशी दारावर थाप पडते.

तात्यांनी पुस्तक मिटलं. "बघा हा भंपकपणा! रद्दीच्या ठरावाला हात वर करा."

एक हात नाही.

"तात्या, दार उघडलं का नाय त्यानं?" दगडूमामा.

"ठरावाचं बोल!"

"ठराव काय पळून जातोय व्हय? दाराचं सांगा!"

तात्यांनी चरफडत पान शोधलं. शेवट वाचला. ऐकता ऐकता अर्धी सभा उठून माइकजवळ आली होती. तात्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"एक बरी निघाली म्हणून सगळ्या बऱ्या नसत्यात," ते गुरगुरले. "बसा खाली! दुसरी वाचून दाखवतो."