किसनराव, त्या दिवशी मी पट्टी लावली नाही

पालमचे आमचे किसनराव आज सकाळी वारले. नोकरीत त्यांना मशीनीच्या कामावरून उठवलं होतं, ते माझ्यामुळं.

सकाळपासून ग्रुपवर सगळे हात जोडलेले फोटो टाकायलेत. टाका. माझं तेवढ्यावर भागंना, म्हणून लिहायलोय. लांब झालं तर सोडून द्या.

नामांतराच्या आंदोलनाची वर्षं. आज ST चालू, उद्या बंद. सेलूजवळ आमचं पत्र्याचं सरकारी वर्कशॉप होतं, कालव्याच्या कामावरचे माती उचलायचे लोडर तिथं दुरुस्तीला यायचे. किसनराव हेड मेकॅनिक, मी फिटर. मी त्यांना उस्ताद म्हणायचो. ते दहा वर्षांनी मोठे, तरी मला शेषरावच म्हणायचे.

ज्यांना मशीनीतलं कळत नाही त्यांनी थोडं सहन करा.

लोडरच्या इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. लग्नातल्या पातेल्याएवढा, लय जड. बसवताना गिअरबॉक्स उभा ठेवायचा, कन्व्हर्टर चेनवर टांगायचा आणि हातानं फिरवत हळूहळू खाली सोडायचा.

आत तीन ठिकाणी दाते जुळावे लागतात. जुळले की तो जरासा खाली उतरतो. एकदा, दोनदा, तीनदा. डोळ्याला आतलं काही दिसत नाही, हाताला कळतं.

तिसऱ्यांदा उतरला नाही आणि तसेच बोल्ट आवळले, तर मशीन चालू करताच आतला ऑइल पंप फुटतो. म्हणून शेवटी वरून स्टीलची पट्टी लावून खोली मोजायची. ते काम फिटरचं.

पण किसनराव "बसला" म्हणले की आमच्याकडं कुणी पट्टी लावायचं नाही. तसा नियम कुणी केला नव्हता. पट्टी लावणं म्हणजे त्यांना तोंडावर खोटं पाडणं, असं आम्ही समजायचो.

मग त्यांना शुगर निघाली.

एकदा टपरीवर बसलो होतो. ते गप्पा मारायलेत, बोटांत बिडी. मला कातडी जळाल्याचा वास आला.

"उस्ताद, बोट."

त्यांनी खाली पाहिलं आणि बिडी टाकली. बोट भाजलं होतं, त्यांना पत्ता नव्हता.

"कधीपासून हाय हे?"

"लय दिस झाले." पायानं बिडी विझवत म्हणाले, "कुणाला बोलू नको शेषराव. हाताला कळंना म्हणल्यावर मेकॅनिकचं काय राहतंय?"

मी कुणाला बोललो नाही. मला वाटलं, दोस्ती म्हणतात ती हीच.

त्याच साली नवे साहेब आले. वालूरकडं काम अडलं होतं, लोडर तातडीनं पाहिजे होता. कन्व्हर्टर बसवताना साहेब स्वतः शेडमध्ये येऊन उभे राहिले, मग काय, सगळेच गोळा झाले.

किसनराव फिरवायलेत. चेन माझ्याकडं.

एकदा उतरला. दुसऱ्यांदा उतरला.

मग ते फिरवतच राहिले. कपाळावर घाम. तिसऱ्यांदा उतरलेला मला काही दिसला नाही.

"बसला का?" साहेबांनी विचारलं.

किसनरावांनी साहेबांकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं.

"बसला," म्हणाले.

पट्टी माझ्या खिशात होती.

या माणसाच्या बोटाला बिडीचा चटका कळत नाही, हे त्या शेडमध्ये एकट्या मला माहीत होतं. पण एवढ्या लोकांसमोर पट्टी काढली तर उस्तादची इज्जत जाईल, असं वाटलं. मी त्यांचा मान राखला. असा मान कुणी कुणाचा राखू नये.

बोल्ट आवळले. मशीन जोडली, चालू केली. खालून कर्रकन आवाज आला आणि सगळं थांबलं. तेलात पंपाचे तुकडे निघाले. नवा पंप लांबून यायचा, त्यात गाड्या बंद. लोडर महिनाभर उभा.

"कुणी बसवला होता?" साहेब.

"मी," किसनराव म्हणाले.

"मोजला होता?"

"न्हाई."

मोजायचं कुणी होतं ते त्यांनी सांगितलं नाही. मीही बाजूला उभा होतो, मुका. माझी लेकरं लहान होती, असं मी स्वतःला सांगत आलो. त्यांनाही लेकरं होतीच की.

त्यांना गेटवर बसवलं. वॉचमन. रिटायर होईपर्यंत तिथंच.

लोडर बाहेर निघाला की ते गेट उघडायचे आणि इंजिनच्या आवाजाला कान देऊन उभे राहायचे. "इंजेक्टर बघा रे त्याचा," कधी कधी म्हणायचे. बरोबर असायचं ते. पण वॉचमनचं कोण ऐकतंय?

मी रोज त्याच गेटातून आत जायचो. ते हसून बोलायचे, त्याचाच जास्त त्रास व्हायचा.

दोन वर्षांखाली पालमला त्यांच्या घरी गेलो. शुगरनं एक पाय गेला होता. सून चहा ठेवून आत गेली. मला राहवलं नाही.

म्हणलं, "उस्ताद, त्या दिवशी मी पट्टी मुद्दामच लावली न्हाई. लोकांसमोर तुमची इज्जत जाऊ नये म्हणून."

त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. राग नव्हता चेहऱ्यावर. राग असता तर बरं झालं असतं.

"हाताला काहीच लागत नव्हतं शेषराव," ते म्हणाले. "साहेबाम्होरं तसं सांगता येईना. म्हणलं, तुला तर माहीत हाय, तू लावशीलच पट्टी. म्हणून तर तुझ्याकडं पाहून म्हणलो, बसला."

मी चहा पिलो आणि उठून आलो.

भावपूर्ण श्रद्धांजली लिहायला बोट उठत नाही. उस्ताद, माफ करा. तुमच्या घरी बसून हे म्हणायला पाहिजे होतं.