होस्टाच्या पत्रावळी

इकडे परदेशात, ओंगारच्या आमच्या घरात सगळ्यात जास्त लाड झाले ते एका झाडाचे.

आमची मागची बाग उत्तरेकडे तोंड करून आहे. ऊन तिथे फक्त चौकशीपुरतं येतं! मोगरा, टोमॅटो, कोथिंबीर या सगळ्यांनी माना टाकल्यावर मी होस्टा लावला. सावलीत खूश राहणारं झाड! ताटाएवढी हिरवीगार पानं आणि त्यांना पैठणीसारखे पिवळे काठ. चार वर्षं मी त्याच्यावरच्या गोगलगायी हातांनी वेचल्या. (इतक्या निष्ठेने मी कधी तांदूळ निवडले नाहीत, असं बायको म्हणते.)

२०१७च्या उन्हाळ्यात शेजारची मॉरीन कुंपणावरून म्हणाली, "शनिवारी आमच्या बागकाम मंडळाच्या बायकांना तुझा होस्टा दाखवू का?"

मी हवेत!

त्याच शनिवारी घरी सत्यनारायण होता. वर्ध्याहून आई आली होती. शिफ्ट आटोपून मी लिक्सलिपच्या कंपनीतून निघालो, तेवढ्यात तिचा फोन. आवाज तुटत होता.

"काऊन रे, पानं तोडू का?"

मला वाटलं, खिडकीतल्या कुंडीतल्या कढीपत्त्याची. "तोड की! विचारतेस काय? सगळी तोड!"

घरी पोचलो. हॉलमध्ये वीस माणसं जमिनीवर पंगतीला बसलेली. प्रत्येकापुढे पिवळ्या काठांचं एकेक पान, त्यावर शिरा, भाजी, पुऱ्या! मी मागे धावलो. तिथे नुसते देठ!

"आई! माझा होस्टा!"

"तूच तं म्हणला, सगळी तोड! अन् पाय, कसं झोकदार पान आहे. कागदी प्लेटीत प्रसाद बरा दिसते का?"

"यू'ल बी ग्रँड, डॅड," लेक पुरी चावत इथल्या पद्धतीने धीर देत म्हणाली.

बेल वाजली. दारात मॉरीन आणि सहा बायका, कॅमेऱ्यांसकट.

"कुठाय तो?"

"तो..." मी हॉलकडे बोट दाखवलं, "सध्या जेवायला वाढतोय."

आईने त्यांनाही बसवलं. एका बाईने शिरा संपवला, पान उजेडात धरलं आणि किंचाळली, "एकही भोक नाही!"

मी छाती फुगवली. पण माझ्याकडे बघतंय कोण! पानं मांडणारी आई, म्हणजे ती वाढवणारा हातही तिचाच, असं मॉरीनसकट सगळ्यांनी धरलं आणि त्या तिच्याभोवती जमल्या. इतकी सुंदर पानं वाढवली कशी, याचं गुपित त्यांना तिच्याकडून हवं होतं. मी दुभाषा.

आई हसून म्हणाली, "काही नाई करा लागत. आपोआप येते."

सातही जणी माझ्याकडे बघत होत्या. मी शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला.