बाईचा फर्स्ट क्लास रिपोर्ट

माझी थोरली बहीण आरमोरीला असते, मी चंद्रपूरला. दोघांनाही शुगर. मी तिला बाई म्हणतो, ती मला बाबू म्हणते. मी आजोबा झालो तरी माझं बाबूपण काही सुटलेलं नाही.

शुगर निघाल्यापासून मी पहाटे फिरतो, कारल्याचा रस पितो आणि भात बंद. भाताच्या झाडीपट्टीत जन्मून भात बंद! तरी तीन महिन्यांची साखर सांगणारी ती एचबीए१सी टेस्ट माझी आठाच्या खाली उतरेल तर शपथ. आणि बाई? दोन्ही वेळा ताटभर भात, त्यावर तलावातल्या झिंग्यांचा रस्सा, गोळ्या आठवल्या तर घ्यायच्या. रिपोर्ट साडेपाच!

"काऊन रे बाबू, एवढा कडू रस पिऊन तू नापास कसा?" ती फोनवर विचारायची, आणि मागे तिच्या सुना खिदळताना ऐकू यायच्या. असा संताप यायचा म्हणून सांगू!

बोट टोचून अधूनमधून शुगर बघत जा म्हटलं, तर म्हणे, "मले काय गरज? उपाशी राहून एका दिवसाची साखर लपते, तीन महिन्याची नाई लपत. तूच सांगतलं ना?" सांगितलं होतं खरं. चांगला तासच घेतला होता मी तिचा.

गेल्या दिवाळीत ती माझ्याकडे आली. भर दुपारी चहा ओतायला बसली आणि अख्खी धार कपाशेजारी. वर मलाच दटावलं, "तुह्या घरी उजेडच नाई रे." दुसऱ्या दिवशी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरबाईंनी औषध घालून दोन्ही डोळे आतून पाहिले. म्हणाल्या, पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होऊन गळताहेत, साखर बरीच वर्षं जास्त असणार. बाईनं ऐटीत पिशवीतून रिपोर्ट काढला. "हे पाहा मॅडम. भाऊचा पाहाल तर आठ हाये."

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट वाचला, बाईच्या पिवळसर डोळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "सिकलसेल आहे का हो तुम्हाला?"

"हाव, लहानपणापासून," बाई म्हणाली. गावाचं नाव सांगितल्यासारखी. रक्ताचा हा आजार आमच्याकडे घरोघरी, त्यात नवल ते काय!

मग त्यांनी समजावलं. साखर रक्तपेशीतल्या हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटत जाते, आणि ती किती चिकटली तेवढंच ही टेस्ट मोजते. साधी रक्तपेशी तीन-चार महिने जगते. सिकलसेलवाल्याची त्याआधीच मरते. साखर पुरती चिकटायच्या आत पेशीच खलास, म्हणून आकडा देखणा. पण रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी अशा लवकर सुटत नाहीत. त्या जागच्या जागी बसून सगळी साखर सोसतात आणि झिजतात.

आता गंमत बघा. सिकलसेल आम्हाला ठाऊक, शुगर ठाऊक, दोन्हींची कार्डं एकाच पिशवीत. पण एकाचा दुसऱ्याशी काही संबंध असेल हे कुणाच्या बापाला सुचलं नाही. खरं सांगू, माझ्या मनात आधी आलं ते हेच, की बाई नापास! मग मी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"म्हणजे माहा रिपोर्ट खोटा?" बाईनं विचारलं. इतक्या हळू आवाजात बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

"रिपोर्ट खोटा नाही, तुमच्यासाठी उपयोगाचा नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "उजव्या डोळ्याला लेझर देऊ, तो वाचेल. डाव्यात किती नजर उरली आहे ते बघते. मी बोटं दाखवीन, तुम्ही किती ते सांगायचं."

त्यांनी एका हातानं तिचा उजवा डोळा झाकला. बाई ताठ बसली. परीक्षेला घाबरणारी ती नव्हेच.

"तीन," ती ठणकावून म्हणाली.

डॉक्टरबाईंचा दुसरा हात अजून टेबलावरच होता.